एमिलने नको म्हटलेला पोरगा

एमिल झुपानने एखाद्या पोराची शिफारस केली आणि तो पोरगा पुढे नावारूपाला आला, असं क्लीव्हलँडजवळच्या आमच्या युक्लिड गावात कुणालाच आठवत नव्हतं.

एमिल भट्टीवाला होता. आमच्या भागात घरोघरी तळघरात गॅसची भट्टी असते आणि तिच्याच जिवावर माणसं जानेवारी-फेब्रुवारी काढतात. ती बिघडली की एमिलला फोन जायचा. या कामात त्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. हाताला चव असते तसा त्याच्या हाताला गुण होता. पण भट्टी ही काही एमिलची हौस नव्हती. हौस होती ती एप्रिलची.

आमचा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा. हंगामभर जी टीम सगळ्यात जास्त मार खाते, तिला एप्रिलमध्ये कॉलेजच्या पोरांतून सगळ्यांच्या आधी निवड करायला मिळते. नापासाला पहिल्या बाकावर बसवण्यातला हा प्रकार. क्लीव्हलँडची आमची टीम वर्षानुवर्षं इमानेइतबारे नापास होत आली, त्यामुळे एप्रिलमध्ये आमचा मान मोठा. बाकीची गावं सप्टेंबरची, म्हणजे हंगाम सुरू व्हायची, वाट बघतात. आम्हाला सप्टेंबरात काय होणार ते माहीत असतं. एप्रिलमध्ये मात्र कॉलेजातली सगळी पोरं अजून आपलीच असतात, कुणाचाही गुडघा मोडलेला नसतो, आणि घरोघरी लग्नाची स्थळं बघावीत तशी चर्चा चालते. याची उंची बघा, त्याचे पाय बघा, याचं खानदान बरं, तो रात्री उंडारतो म्हणतात.

या बैठकीत एमिलचं आसन ठरलेलं होतं. स्लोव्हेनियन समाजाच्या हॉलखाली जो बार आहे, तिथे भिंतीकडच्या टोकाच्या स्टुलावर बसून तो उंटावरून शेळ्या हाकायचा. आणि एवढ्यावर भागायचं नाही म्हणून दुपारी कामाच्या गाडीतून रेडिओला फोन लावायचा. क्रीडा वाहिनीवर चिप डॉनेली नावाचा निवेदक दुपारभर लोकांचे फोन घेई. "लाइनीवर आहेत युक्लिडचे एमिल," असं तो म्हणाला की आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात खडी घोळवल्यासारखा: "ऐका, मी काय सांगतो ते." एमिलचं कुठलंही बोलणं याच चार-पाच शब्दांनी सुरू व्हायचं. चर्चमधली प्रार्थनाही तो तशीच सुरू करत असावा, अशी त्याच्या बायकोला शंका होती.

आणि तो सांगायचा ते सगळं उलटं व्हायचं. त्याने एका क्वार्टरबॅकसाठी महिनाभर रेडिओ डोक्यावर घेतला होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, टीमचा नवरदेव. टीमने त्याला घेतलं. तो पोरगा आता अ‍ॅक्रनला गालिच्यांचं दुकान चालवतो आणि दुकान फार छान चालतं. पुढे एका उंच्यापुऱ्या झेल घेणाऱ्याची त्याने तारीफ केली, तर त्याच्या हाताला चेंडू सोडून जगातलं सगळं सापडायचं. एक धावणारा होता, तो पहिल्या सामन्याआधी टीमच्या बसमधून उतरतानाच पडला.

"एमिल, तुझं एक चांगलं आहे," रूडी टॉमशिच म्हणायचा. रूडी निवृत्त पोस्टमन, एमिलचा शाळेपासूनचा दोस्त. "तू कधी अर्धवट चुकत नाहीस."

"टीमने त्यांना नीट वापरलं नाही, लेका."

"गालिचेवाल्याला कसं वापरायला हवं होतं? मैदानात अंथरायला?"

घरी अ‍ॅग्नेसची तऱ्हा वेगळी. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ईस्टरआधीच्या उपासात मांस चालत नाही, मासे चालतात; त्या दिवसांत दर शुक्रवारी ती चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळायची आणि बाकी वर्षभर नवऱ्याला. एकदा एमिल जरा दुखावल्या स्वरात म्हणाला, "आयुष्यात एक निवड तर बरोबर केली की मी. तुला निवडलं."

"तू कुठे निवडलंस?" अ‍ॅग्नेस म्हणाली. "तुझा डोळा माझ्या मावसबहिणीवर होता. मी निवडलं."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी टीमने असा काही सपाटून मार खाल्ला होता की निवडीत आमचा दुसरा नंबर लागला. एमिलच्या मनात भरला होता नेब्रास्काचा क्वार्टरबॅक, कोल्टन रीस. पण गावात बोलबाला होता तो लुईझियानाच्या लूशियन फॉन्टेनो नावाच्या पोराचा. हा टॅकल. टॅकलचं काम एकच: क्वार्टरबॅकला न दिसणाऱ्या बाजूने जे धटिंगण त्याच्यावर धावून येतात, त्यांना आडवं जायचं. चेंडूला त्याने हात लावायचा नाही, कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि जेव्हा नाव घेतलं जातं तेव्हा क्वार्टरबॅक जमिनीवर पडलेला असतो.

निवडीच्या आदल्या आठवड्यात एमिलने फोन लावला.

"ऐका, मी काय सांगतो ते. मी या पोराचे सगळे सामने बघितलेत. हा टॅकल नाही, चिप, ही जुनी कोळशाची भट्टी आहे. मी अशा शेकड्यांनी काढून फेकल्यात. अर्धं तळघर अडवते, तापायला दुपार घेते, आणि हलवायची म्हटली तर चार माणसं लागतात. अंगावर माणूस धावून येणार, तेव्हा ही भट्टी कुठे असणार? जिथे ठेवली तिथेच."

चिप इतका हसला की त्याला जाहिरात लावावी लागली. संध्याकाळपर्यंत गावात लूशियनचं नाव 'भट्टी' पडलं होतं. आणि गंमत अशी की त्यामुळे त्याचा भाव वधारला.

"एमिल नको म्हणतोय," बारमध्ये रूडीने जाहीर केलं, "म्हणजे पोरगं सोनं आहे."

टीमने लूशियनला घेतलं तेव्हा हॉलमध्ये असा जल्लोष झाला की जणू पोलका नाच सुरू झालाय. लोक एमिलच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी त्याला बिअर पाजली, नको म्हटल्याबद्दल आभार म्हणून. एमिल ती प्यायला, पण आभार काही स्वीकारले नाहीत.

पहिल्या वर्षी लूशियन ना सोनं ठरला ना कोळसा. एका रविवारी भिंतीसारखा उभा राहायचा, पुढच्या रविवारी कुणीतरी त्याला वळसा घालून आत शिरायचं. आणि असा वळसा पडला की सोमवारी चिप न चुकता एमिलचं ते ध्वनिमुद्रण लावायचा. 'जिथे ठेवली तिथेच.' पोरं शाळेत ते बोलू लागली. क्वार्टरबॅकच्या शेकून निघणाऱ्या पाठीची गावाला फिकीर नव्हती, या वाक्याची गोडी मात्र होती. तिकडे कोल्टन रीस दुसऱ्या टीमकडून खेळत प्रतिपक्षाच्या हातात चेंडू नेऊन देत होता, पण त्याबद्दल एमिल बोलत नव्हता.

जानेवारीत, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, थंडीने कहर केला. आमच्या समुद्राएवढ्या तळ्यावरून असं वारं सुटलं होतं की नाकातला श्वास नाकातच गोठावा. कंपनीत त्या दिवशी एमिलची पाळी होती. सकाळी फोन आला: ब्रेटनॉलला, तळ्याकाठच्या बड्या घरांपैकी एका घरात भट्टी बंद पडलीय, बाई एकटी आहे. घर कुठल्याशा कंपनीच्या नावावर भाड्याने घेतलेलं होतं, त्यामुळे एमिलला नावावरून काही उमगलं नाही. सामना दुपारी एकला, परगावी. तोवर उरकून घरी पोचू, असा हिशेब करून तो निघाला आणि गुणगुणतच त्या दाराशी पोचला.

दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका उंच काळ्या बाईने. अंगात तीन कोट, वर गोधडी, डोक्याला लोकरी टोपी आणि त्या सगळ्यातून बाहेर आलेले दोन डोळे, शाळेच्या मुख्याध्यापिकेला शोभतील असे.

"या. पाय पुसा," ती म्हणाली. "देवाने ही जागा माणसांसाठी केलीच नव्हती, हे तुम्हाला इथे कुणी सांगितलं नाही का?"

एमिल उत्तर देणार होता, तेवढ्यात त्याचं लक्ष दाराशी ठेवलेल्या बुटांकडे गेलं. त्या बुटांत मांजरीने पिल्लं घातली असती तरी जागा उरली असती. मग त्याने वर बघितलं. भिंतीवर फोटो होता, चौऱ्याहत्तर नंबरचा अंगरखा घातलेला, लाजल्यासारखा हसणारा पोरगा, आणि त्याच्या काखेखाली हीच बाई.

चौऱ्याहत्तर म्हणजे लूशियन. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. वाहिनी तीच. म्हणजे ही बाई ऐकते. म्हणजे हिने ऐकलंय.

माणसाला संकटात काय सुचेल सांगता येत नाही. एमिलला घसा सुचला. त्याने दोन बोटं गळ्याला लावली, मान हलवली आणि फुसफुसला, "बसलाय."

"अरे देवा," बाई म्हणाली. "आणि अशा दिवसात तुम्हाला कामावर पाठवलं? माणसं आहेत की कोण? तुम्ही बोलू नका हं. तळघर तिकडे."

एमिल खाली गेला. भट्टी नवी होती, आजार साधा: ज्योत आहे की नाही हे ओळखणारी काडी काजळली होती, त्यामुळे भट्टी पेटायची आणि स्वतःलाच घाबरून विझायची. त्याने पुढचं झाकण काढलं. एवढ्यात बाई कप घेऊन खाली आली. गरम पाणी, लिंबू, मध आणि त्यात बहुधा व्हिस्की.

"मी व्हर्लीन फॉन्टेनो. गावाकडे सगळे मिस व्हर्लीन म्हणतात. ओपलूससला आयुष्यभर शाळेची बस चालवली. तिथे या दिवसात मी दार उघडं टाकून झोपते." ती पायरीवर बसली. तिला बोलायला माणूस हवं होतं आणि हा तर हक्काचा मुका. "माझा मुलगा तुमच्या टीममध्ये खेळतो. बघता ना फुटबॉल?"

एमिलने खांदे उडवले. एरवी एवढं खोटं बोलला असता तर तो चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबुलीजबाबाला गेला असता.

"नाही बघत तेच बरं. इथल्या लोकांची जीभ फार वाईट. एक मेला रेडिओवर माझ्या पोराला भट्टी म्हणाला."

एमिल भट्टीत तोंड घालून कामाला लागला.

"पण मला काय वाटतं सांगू? चूक टीमची आहे. यंदा एप्रिलमध्ये यांनी पहिल्या फेरीत चेंडू मारणारा घ्यावा. लाथ मारणारा, गोल करणारा. दर सामना दोन-तीन गुणांनी घालवतात हे लोक."

एमिलचा हात थांबला. पहिल्या फेरीत लाथ मारणारा? लाथ मारणारा कुणी शेवटच्या फेरीतही घेत नाही. तो वाटेवर सापडतो, तिथून उचलायचा असतो. पहिली फेरी लाथ मारणाऱ्यावर घालवणं म्हणजे लग्नाच्या खर्चात फक्त बँडवाल्याला बोलावणं. एमिलने दात आवळले. त्याने काडी पुसली. पुन्हा पुसली. मानेची शीर फुगली.

"लाथ मारणारा, आणि दुसऱ्या फेरीत आणखी एक," मिस व्हर्लीन म्हणाली. "जोडी असलेली बरी."

"ऐका, मी काय सांगतो ते," एमिल म्हणाला.

सबंध तळघरात तो आवाज घुमला. पत्र्याच्या डब्यातली खडी, जशीच्या तशी. वर रेडिओवर कुणीतरी गाडीचे टायर विकत होतं.

मिस व्हर्लीनने त्याच्या शेजारचा कप उचलून घेतला.

"युक्लिडचे एमिल," ती म्हणाली.

"हो, बाई."

"घसा बरा झाला वाटतं."

"लिंबाने फरक पडला."

तिने त्याला घरातून हाकललं असतं तर एमिलला बरं वाटलं असतं. पण घर गोठत होतं आणि भट्टी अर्धी उघडी पडली होती. ती उठून उभी राहिली. पन्नास वांड पोरांना एका नजरेने गप्प बसवणारी बाई ती. "आधी हे पेटवा," ती म्हणाली. "मग वर या. सामना बघायचाय आपल्याला."

"मला दुसरीकडे जायचंय..."

"मी विचारलं नाही."

भट्टी पेटली. एमिल वर गेला आणि अंग चोरून सोफ्याच्या कडेला बसला. मिस व्हर्लीनने त्याच्यासमोर लाल घेवडा आणि भाताची ताटली ठेवली, वर झणझणीत सॉसेज. रागावलेली असली तरी पाहुण्याला उपाशी बसवणं तिच्या रक्तात नव्हतं. मग तिने नियम सांगितला.

"चेंडूकडे बघायचं नाही. चेंडू गेला खड्ड्यात. फक्त चौऱ्याहत्तर नंबर बघायचा."

एमिलने इतकी वर्षं फुटबॉल बघितला होता, पण असा कधीच नाही. चेंडू नाही म्हटल्यावर खेळ वेगळाच दिसायला लागतो. दोन धिप्पाड माणसं, दर वेळी तीच दोघं, एकमेकांवर आदळतात, उठतात, पुन्हा आदळतात, आणि कुणीच टाळ्या वाजवत नाही. लूशियन समोरच्याच्या हातांकडे बघतो, उजवा पाय मागे घेतो, आणि तो पाय टेकला की त्याचा चेहरा क्षणभर पिळवटतो.

"घोटा," एमिल म्हणाला.

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "मला सांगितलं नाहीये. आई आहे, कळतं."

आता गोष्ट अशी व्हायला हवी होती की त्या दिवशी लूशियन वाघासारखा खेळला आणि एमिल वरमला. तसं काही झालं नाही. त्या दिवशी लूशियनने आख्ख्या हंगामातला सगळ्यात वाईट खेळ केला. समोरच्या पोराने त्याला एकदा डावीकडून वळसा घातला, एकदा उजवीकडून, आणि एकदा सरळ अंगावरून गेला, वळसा घालायचा कंटाळा आल्यासारखा.  वळसा पडला की एमिल घेवड्याचा मोठा घास घ्यायचा. सामना संपला तेव्हा क्वार्टरबॅकला दोघांनी धरून बाहेर नेलं.

"बोला," मिस व्हर्लीन म्हणाली. "तुम्ही मोठे बोलणारे."

एमिलने ताटली खाली ठेवली. "पाय मागे घेताना त्याला त्रास होतो, म्हणून तो आधीच सरकतो," तो म्हणाला. "आधी सरकला की समोरच्याला कळतं. भट्टी नाही तो. भट्टी सरकत नसते." मग जरा थांबून, "घेवडा चांगला झालाय."

"ते माहितीये मला," ती म्हणाली. पण ताटलीत आणखी एक डाव वाढला.

एमिलला वाटलं मिटलं. सोमवारी दुपारी तो गाडीत सँडविच खात होता, तेव्हा रेडिओवर चिप म्हणाला, "लाइनीवर आहेत... कोण? ब्रेटनॉलच्या मिस व्हर्लीन."

आणि तिने सगळं सांगितलं. घसा, लिंबूपाणी, तळघर, लाथ मारणारा, सगळं. एमिलच्या 'बसलाय'ची अशी हुबेहूब नक्कल केली की चिप टेबलाखाली गेला असावा. "लाथ मारणाऱ्याचं मी मुद्दाम म्हणाले होते," ती शेवटी म्हणाली. "मला पहिल्या फुसफुशीतच संशय आला होता. घसा बसलेला माणूस दारात शिरताना गुणगुणत नाही."

हॉलमध्ये त्या आठवड्यात एमिल आला की सगळा बार फुसफुसत बोलायचा. रूडीने त्याला घसादुखीच्या गोळ्यांचं पाकीट भेट दिलं. अ‍ॅग्नेस तर हसून हसून खुर्चीतच बसली आणि म्हणाली, "या बाईला जेवायला बोलाव. मला हिच्याकडून शिकायचंय."

मिस व्हर्लीन जेवायला आली, अ‍ॅग्नेसची पोटित्सा, म्हणजे अक्रोड घालून गुंडाळलेला गोड ब्रेड, खाऊन म्हणाली की यात अक्रोड कमी आणि ब्रेडच जास्त आहे, आणि त्या दिवसापासून तिची आणि अ‍ॅग्नेसची गट्टी जमली. रेडिओवर मात्र तिची आणि एमिलची जुंपायची. तो एक म्हणाला की ती फोन लावायची, ती एक म्हणाली की तो. चिपचं बरं झालं. त्याला बोलावंच लागेना.

मार्चमध्ये मात्र खरी पंचाईत आली. टीम पुन्हा वरच्या नंबरावर होती आणि वर्तमानपत्रांत बातमी फुटली की यंदा टीम टेक्ससचा एक टॅकल घेणार. म्हणजे लूशियनच्याच जागेवर. घोट्याची शस्त्रक्रिया झालेला लूशियन बाकावर बसणार.

मिस व्हर्लीन एमिलच्या घरी आली. या वेळी हसण्यावारी नाही. कोटाची बटणंही न काढता ती स्वयंपाकघरात बसली.

"मिस्टर एमिल, एक काम आहे."

"बोला."

"रेडिओवर त्या टेक्ससच्या पोराची शिफारस करा. जोरात करा. तुम्ही केलीत की त्याचं वाटोळं होणार. टीमलाही कळेल. सगळ्या गावाला माहितीये."

अ‍ॅग्नेस भांडी घासायची थांबली. एमिलचे कान लाल झाले. रूडीने आयुष्यभर हेच म्हटलं होतं, पण ती दोस्ताची चेष्टा. हे कुणी विनवणी म्हणून मागावं?

"म्हणजे मी पनवती," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

मिस व्हर्लीनने कोटाचं एक बटण काढलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाली, "हो. तसंच म्हटलं. माझ्या पोरासाठी मी मांजरही आडवं घालीन."

ती गेल्यावर एमिलने तिची खुर्ची टेबलाशी सरकवली. "तू काय करणार?" अ‍ॅग्नेसने विचारलं.

"मला जे वाटतं ते बोलणार."

"ते तर तू नेहमीच बोलतोस. तिथेच तर घोळ आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. चिपने भट्टीचं ध्वनिमुद्रण तयारच ठेवलं होतं, पण एमिल म्हणाला, "ते बंद कर." मग सुरुवात केली. "ऐका, मी काय सांगतो ते. टेक्ससचा पोरगा चांगला आहे. पण तो नको. आपल्याकडे टॅकल आहे. मी त्याला भट्टी म्हणालो होतो, ते चूक होतं. तो मोडक्या घोट्यावर अख्खा हंगाम उभा राहिला आणि कुणाला बोलला नाही. दुसऱ्या कुणी पहिल्याच महिन्यात सुट्टी घेतली असती. त्याचा घोटा बरा होऊ द्या आणि ती निवड दुसरीकडे वापरा."

चिप जाहिरात लावायलाही विसरला. एमिलने चूक कबूल करणं म्हणजे तळ्याने किनारा परत देण्यासारखं होतं.

पाच मिनिटांत एमिलचा फोन वाजला. मिस व्हर्लीन. एमिलला वाटलं, आता आभार मानेल.

"हे काय केलंत?" ती म्हणाली. "तुम्ही त्याची तारीफ केलीत. सगळ्या गावासमोर. आता माझ्या पोराचं काही खरं नाही."

आणि एप्रिलमध्ये झालंही तसंच. टीमने टेक्ससचा टॅकल घेतला आणि लूशियनला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. रूडीसुद्धा नाही. एमिल त्या दिवशी अर्धी बिअर टाकून उठला. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण खरंच गप्प बसायला हवं, आयुष्यभर.

मेमध्ये मिस व्हर्लीन आवराआवर करायला लागली. एमिल आणि अ‍ॅग्नेस मदतीला गेले. एमिल गुपचूप खोकी बांधत होता. शेवटी त्याला राहवेना.

"मला माफ करा, मिस व्हर्लीन."

"कशाबद्दल?" तिने टेप दाताने तोडली. "न्यू ऑर्लिन्सला चाललाय तो. माझ्या घरापासून गाडीने दोन-अडीच तास. दर रविवारी जेवायला येईल. त्यांच्याकडचा डॉक्टर म्हणतो घोटा सहा आठवड्यांत नवा होईल. आणि तिथे मी दार उघडं टाकून झोपणार." मग ती थांबली. "मी त्या दिवशी चिडले होते. पण कुणी माझ्या पोराबद्दल रेडिओवर चांगलं बोललं, ते पहिल्यांदाच. त्याने ते ऐकलं. मला म्हणाला, आई, तो माणूस पोरकट असेल, पण त्याला घोटा दिसला."

एमिलने खोक्यावर उगीचच टेपची आणखी एक पट्टी मारली.

"आणि तो टेक्ससचा," मिस व्हर्लीन म्हणाली, "त्याला तुम्ही चांगला म्हणालात ना? तेवढं मी ऐकून ठेवलंय."

टेक्ससच्या पोराचा पहिल्याच सरावात खांदा निखळला. गावात पुन्हा चेष्टा सुरू झाली, आणि एमिल गप्प बसायचा निश्चय विसरला. लूशियन दक्षिणेत बरा खेळू लागला, फार मोठा झाला असं नाही, पण त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही, आणि टॅकलसाठी याहून मोठी शाबासकी नसते. मिस व्हर्लीनने मात्र क्लीव्हलँडचा रेडिओ सोडला नाही. इंटरनेटवर लावून ऐकते आणि चिपला ओपलूससहून फोन करते. चिप तिला रांगेत थांबवत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये निवडीच्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. एमिलने महिनाभर ओरेगनच्या एका बचावपटूसाठी घसा फोडला होता, रूडी त्याच्या विरुद्ध होता, त्यामुळे सगळा बार रूडीच्या बाजूने होता. पडद्यावर माणूस मंचावर आला, कागद उघडला आणि आमच्या टीमतर्फे एक नाव वाचलं.

ते नाव त्या हॉलमध्ये कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं.

पोरगा कुठल्याशा लहान कॉलेजचा होता. पडद्यावर त्याची आई रडत होती आणि तो स्वतः चकित दिसत होता. रूडीने एमिलकडे बघितलं, एमिलने रूडीकडे. मग एमिलचा फोन वाजला.

"कोण आहे हा?" ओपलूससहून मिस व्हर्लीनने विचारलं.

"काही कल्पना नाही," एमिल म्हणाला.

"मग? तुमचं मत काय?"

एमिलने बिअरचा घोट घेतला आणि पडद्यावरच्या पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लहान कॉलेज, रुंद खांदे, जरा आत वळलेले पाय.

"नव्हता घ्यायला पाहिजे," तो म्हणाला. "त्याचं चालणं बघितलंत का तुम्ही?"

"फोन ठेवा," मिस व्हर्लीन म्हणाली. "मला चिपला लावायचाय. पोरगा उत्तम निघणार."